म्यूट (बेस गिटार)

बेस गिटारच्या घोडीजवळ, म्हणजे ब्रिजजवळ, तारांना टेकवून ठेवलेल्या मऊ पदार्थास म्यूट म्हणतात. त्याने स्वराची आस आखूड होते व वरचे उपस्वर दबतात. मूळ स्वर मात्र स्पष्ट राहावा लागतो. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी खुलवतात. येथील हेतू नेमका उलट आहे.

फेंडर कंपनीने १९५१ साली आणलेल्या प्रिसिजन बेसच्या जुन्या वाद्यांत घोडीच्या झाकणाखालीच म्यूट बसवलेला असे. मोटाउनचे वादक जेम्स जेमर्सन यांच्या आखूड, गोलाईदार स्वरात अशा फोमचा मोठा वाटा होता.

हलका, सच्छिद्र फोम सर्वांत सोयीचा, कारण तो आधी उपस्वर शोषतो. रबर घट्ट असल्याने आघात ठसठशीत येतो. पण थोडे अधिक दाबले, तर कोणता स्वर वाजला हेच उमगत नाही. फेल्ट म्हणजे नमदा. फेंडरच्याच सुरुवातीच्या जॅझ बेसवर प्रत्येक तारेस त्याचा स्वतंत्र तुकडा असे. तारांची जाडी निरनिराळी असल्याने ही योजना अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

पदार्थाइतकीच त्याची जाडीही महत्त्वाची असते. तुकडा तारेस जेमतेम टेकावा, तिला वर उचलू नये. जुना फोम चिकट होऊन त्याचा भुगा पडतो. तो वेळीच बदलावा.