हान्या : सूर्यास्तापूर्वीचे बंदर

क्रीट बेटावर जायचे ठरले तेव्हा घरातला पहिला प्रश्न विमानाच्या तिकिटाचा नव्हता. सासूबाईंचा गेली बावीस वर्षे चौविहार आहे आणि कंदमूळ तर आमच्याकडे कोणीच खात नाही. ज्या गावाचे प्रत्येक छायाचित्र समुद्रकाठच्या खाणावळी आणि दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस दाखवते, तिथे श्रावकाच्या कुटुंबाने आठ दिवस राहायचे कसे? स्वयंपाकी बरोबर घेऊन जाणाऱ्या सहली आता पुष्कळ निघतात. पण त्यांच्या घाईत एकच गाव निवांतपणे पाहणे होत नाही. म्हणून खाकरा, मुगाची डाळ आणि एक लहान कुकर एवढा भरवसा बांधून आम्ही स्वतंत्रपणे निघालो. चातुर्मासात प्रवास नको, जुलै-ऑगस्टमध्ये तिथले ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य. तेव्हा मे महिन्याची अखेर निवडली.

गावाचे नाव इंग्रजी अक्षरांवरून आपण ‘चानिया’ असे वाचतो. तिथले लोक घशातून ‘ह’ काढून ‘हान्या’ म्हणतात. क्रीटच्या वायव्य किनाऱ्यावरचे हे बंदर १९७१ पर्यंत बेटाची राजधानी होते. ज्या कास्तेली टेकडीवर आज जुनी घरे दिसतात, तिच्या पोटात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मिनोअन वस्तीचे अवशेष सापडले आहेत. पण आपल्यासारख्या पेढीवर वाढलेल्या माणसांना त्यापुढची गोष्ट अधिक भावते. १२०४ साली व्हेनिसने क्रीट बेट मिळवले ते आधी तलवारीने नव्हे, करारपत्राने. धर्मयुद्धाच्या वाटणीत ज्या सरदाराच्या हिश्श्याला ते आले होते, त्याने ते व्हेनिसला १,००० मार्क चांदीला विकले. सौदा कागदावर झाला, ताबा मात्र सहज मिळाला नाही. जिनोव्हाच्या लोकांशी त्यासाठी लढावे लागले. १६४५ साली तुर्कांनी हान्या घेईपर्यंत या धक्क्यावर व्हेनिसचाच हिशेब चालला.

त्या हिशेबाच्या खुणा पायी फिरूनच पाहाव्यात. जुन्या गावातल्या गल्ल्यांत मोटार जवळजवळ शिरतच नाही, हे ज्येष्ठांना बरोबर नेणाऱ्यांसाठी मोठे सुख. पूर्वेच्या अंगाला गलबते दुरुस्त करण्याच्या दगडी कमानींच्या शाळा आहेत. एके काळी त्या सतरा होत्या. आज सात सलग उभ्या आहेत. हिवाळ्यात गलबते आत ओढून घेत आणि वसंतात पुन्हा पाण्यात सोडत. पाण्यालगत घुमटांची तुर्की मशीद आहे. आतल्या बाजूला स्प्लांझिया चौकात संत निकोलसचे चर्च आहे. त्याच्या एका बाजूला घंटाघर आणि दुसऱ्या बाजूला दोन सज्ज्यांचा मिनार. ते आधी कॅथलिक मठाचे चर्च होते, मग मशीद झाले, मग ऑर्थोडॉक्स चर्च. आणि शेवटच्या मालकाने आधीच्याची खूण पाडली नाही. सासूबाई चौकातल्या झाडाखाली बसून बराच वेळ त्या दोन टोकांकडे पाहत होत्या.

सगळ्याच खुणा अशा राखल्या गेल्या नाहीत. एका अरुंद बोळात एत्झ हाय्यिम हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. १९४४ साली जर्मन सैन्याने गावातील जवळजवळ सर्व ज्यूंना पकडून जहाजावर चढवले. जूनमध्ये ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते जहाज बुडाले. त्यात हा सारा समाजच संपला. पडीक झालेली ही वास्तू १९९९ साली दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. गावात जाणाऱ्या प्रत्येकाने अर्धा तास इथे बसावे असे मला वाटते. अल्पसंख्य व्यापारी समाजाला या अंगणात जे कळते ते किल्ल्याच्या तटावर कळत नाही.

आता जेवणाचे. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात उपवासाची परंपरा मोठी आहे. पूर्ण पाळणाऱ्याचे वर्षातले सुमारे १८० दिवस उपवासाचे होतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, चीज वर्ज्य. कडक दिवसांत तर तेलही वर्ज्य, म्हणजे आपल्या आयंबिलाची आठवण यावी असा आहार. अशा पदार्थाला ‘निस्तिसिमो’ म्हणतात आणि तो शब्द उच्चारताच खाणावळीतल्या मावशींचा चेहरा उजळतो. पण इथेच फसगत होते. त्यांच्या नियमाने ज्या जीवात रक्त नाही असे मानले जाते, ते कोळंबी, शिंपले आणि ऑक्टोपस उपवासाला चालतात! मधही चालतो. तेव्हा एकट्या ‘निस्तिसिमो’वर विसंबू नये, एकेका पदार्थाचे नाव घेऊन विचारावे. ‘होरिस’ म्हणजे शिवाय. होरिस प्सारी, मासा नको. होरिस क्रेमिदी, कांदा नको. होरिस स्कोर्दो, लसूण नको. बटाट्याला तेही ‘पताता’च म्हणतात.

आणखी एक गंमत जपून लक्षात ठेवावी. ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे होय. “यात मासा आहे का?” असे विचारल्यावर वाढपी “ने, ने” म्हणाला आणि आमचे धाकटे चिरंजीव निश्चिंतपणे काटा उचलू लागले. सासूबाईंनी त्या माणसाच्या मानेकडे पाहून ताट सरकवले म्हणून निभावले. नकार देताना तिथली माणसे मान किंचित वर उचलतात, तेवढे ओळखता आले की पुरे.

चीजचा प्रश्न अधिक अवघड. बेटावरची पारंपरिक चीजे कोकराच्या जठरातील विरजणाने लावतात, म्हणून आम्ही ती सरसकट टाळली. मग उरले काय? पुष्कळ उरले. जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचे तेल घातलेला ‘दाकोस’ (चीज वगळून), लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी ‘होर्ता’, तेलात शिजवलेली भेंडी, मोठ्या पांढऱ्या वालांची उसळ. द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या बिनमांसाच्या वळकट्यांना तिथे तुर्की शब्दाने ‘खोटारड्या’ म्हणतात. मांस नसताना असल्याचा आव आणतात म्हणून! त्यांत कांदा असतोच, तेव्हा त्या आम्ही नुसत्या पाहिल्या.

चौविहाराची अडचण मात्र जवळजवळ आपोआप सुटली. मेअखेरीस तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि गावकरी रात्री नऊ-दहाशिवाय जेवायला बसत नाहीत. सात वाजता बंदरावरची सारी मेजे रिकामी, स्वयंपाकीही मोकळा. त्यामुळे वेगळे पातेले, स्वच्छ सुरी, सगळे शांतपणे सांगता येते.

अडचण आली ती समारिया घळीच्या दिवशी. गावापासून चाळीसेक किलोमीटरवर, ओमालोसच्या पठारावर सुमारे १,२०० मीटर उंचीवरून ही वाट सुरू होते आणि सोळा किलोमीटर उतरून दक्षिणेच्या समुद्राला, आगिया रूमेली या वाडीला मिळते. एका ठिकाणी दोन्ही कडे अवघ्या तीन-चार मीटरवर येतात आणि वर तीनशे मीटर उठतात. १९६२ साली घळ राष्ट्रीय उद्यान झाली, आतले गाव उठवले गेले. शिकारीने संपत आलेल्या ‘क्री-क्री’ या रानबकरीला त्यामुळे अभय मिळाले. मुले जाणारच होती. सासूबाईंनाही निदान वरचा टप्पा पाहायचा होता. पण खालच्या वाडीला मोटाररस्ता नाही. संध्याकाळची बोट, मग घाटातली बस. परतताना सूर्यास्त गाठेल अशी भीती होती. बसमध्ये डबा उघडता येईल असे मुलांनी सुचवले. सासूबाईंनी एवढेच म्हटले, “नियम मी घेतला आहे, बसने नाही.” मुले थेपले घेऊन गेली आणि बोटीची वाट पाहत गोट्यांच्या किनाऱ्यावर ऊन असतानाच जेवली.

आम्ही दोघी त्या दिवशी पूर्वेच्या आक्रोतिरी द्वीपकल्पावर गेलो. गुव्हेर्नेतो मठापासून पाऊलवाट समुद्राकडे उतरते. दहा-पंधरा मिनिटांवर अस्वलाची गुहा लागते. पाण्याने घडलेला अस्वलासारखा दगड आत आहे. सासूबाई तिथल्या सावलीत थांबल्या. मी पुढे कड्यातल्या पायऱ्या उतरून काथोलिको या ओसाड मठापर्यंत गेले. जवळच्या गुहेत संत योहान नावाचे तपस्वी राहत. केवळ वनस्पतींवर जगल्याने ते इतके वाकले होते की हातापायांवर चालत. एका शिकाऱ्याने श्वापद समजून बाण सोडला, आणि जखमी अवस्थेत याच गुहेत परतून त्यांनी देह ठेवला, अशी कथा आहे. वर येऊन ती सांगताच सासूबाई म्हणाल्या, “हा तर जरत्कुमार.” हरिवंशातले श्रीकृष्ण, वनातला तो बाण, आणि मारणाऱ्याला मागाहून कळलेले सत्य! इतक्या दूरच्या कड्यावर तीच चूक, तोच पश्चात्ताप. पाण्याची बाटली माझ्या हाती देत त्या पुन्हा म्हणाल्या, “न पाहता सोडलेला बाण.”

एलाफोनिसीची गुलाबी वाळू गावापासून पाऊणशे किलोमीटरवर आहे. तो रंग शिंपल्यांच्या चुऱ्याचा. वाळू उचलून आणू नये, तशी बंदीही आहे. हान्याच्या आखातात उन्हाळ्यात समुद्री कासवे रात्री अंडी घालायला येतात, तेव्हा अंधारात दिवे घेऊन किनाऱ्यावर फिरणे टाळावे. मासे धरायला नेणाऱ्या बोटींचे दलाल धक्क्यावर बोलावतात. त्यांना मान वर उचलून दाखवावी.

व्हूव्हेसचे ऑलिव्ह मात्र चुकवू नका. तीसेक किलोमीटरवरच्या या खेड्यातले झाड दोन हजार वर्षांहून जुने मानतात. खोड आतून पोकळ झाले आहे, तरी फळ धरते. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या मुकुटांसाठी याच्या डहाळ्या नेल्या होत्या. जवळ तेल घ्यायचे तर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ या शब्दावर भुलू नये. आम्लता ०.८ टक्क्यापेक्षा अधिक नसावी ही त्याची अट. चांगला उत्पादक आपला नेमका आकडा आणि सुगीचे साल दोन्ही सांगतो. यजमानांनी तिथे पाऊण तास भावाचा काथ्याकूट केला आणि अखेर दोनच डबे घेतले.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही धक्क्याच्या भिंतीवरून दीपस्तंभापर्यंत चालत गेलो. व्हेनिसने बांधलेला हा मनोरा एकोणिसाव्या शतकात इजिप्तच्या अमलात नव्याने उभारला गेला, म्हणून त्याचा घाट मिनारासारखा आहे. परतलो तेव्हा सात वाजून गेले होते. नेहमीच्या खाणावळीच्या मालकाने जेवणानंतर सगळ्यांना फुकट देतात तो राकीचा पेला पहिल्या दिवशी आमच्यापुढे ठेवला होता आणि सासूबाईंनी हात जोडले होते. आज त्याने पेला आणलाच नाही. कापलेल्या कलिंगडाची बशी ठेवली, पश्चिमेकडे बोट दाखवले आणि स्वतःच्या घड्याळावर टिचकी मारली. अजून चाळीस मिनिटे होती.