आल्फा रोमेओ ३३ स्त्रादाले
इटलीतील एक दुर्मिळ क्रीडा मोटारगाडी. ‘स्त्रादाले’ म्हणजे रस्त्यावरची. आल्फा रोमेओ कंपनीच्या ‘तिपो ३३’ या शर्यतीच्या गाडीवरून ती १९६७ मध्ये सिद्ध झाली. तिचे ॲल्युमिनियमचे बाह्यांग फ्रांको स्काल्योने यांनी अभिकल्पिले. सु. २ लिटर क्षमतेचे आठ सिलिंडरांचे एंजिन चालकाच्या पाठीमागे आहे. गाडीची उंची अवघी सु. ९९ सेंमी. असल्याने आत शिरणे सुलभ व्हावे म्हणून दारे वर उघडणारी केली व त्यांच्या काचा छपरापर्यंत वळवून नेल्या. शर्यतीच्या गाडीपासून आलेल्या अशा मर्यादांनाच स्काल्योने यांनी सलग, गोलसर रेषांचे रूप दिले. हेच तिच्या आकर्षणाचे मर्म होय. हातबांधणी व भारी किंमत यांमुळे १९६९ पर्यंत केवळ १८ सांगाडे तयार झाले. त्यांपैकी काहींवर इतर अभिकल्पकांनी प्रायोगिक गाड्या उभारल्या. बेर्तोने यांची ‘काराबो’ (१९६८) ही त्यांतील प्रसिद्ध होय.