तळच्या गोविंदाची भूक

गुरुपौर्णिमा उलटली, की जोगेश्वरी, अंधेरी, घाटकोपर या भागांतील मैदानांवर आणि चाळींच्या आवारांत गोविंदा पथकांचे सराव सुरू होतात. दिवसा सर्वांची नोकरी नाहीतर कॉलेज, त्यामुळे सराव आटोपायला रात्रीचे साडेदहा सहज वाजतात. चौदा वर्षांखालील मुलांना थरांत भाग घेण्यास मनाई आहे, तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळजण बघेच असणार. पण तुमचा दादा रात्री घरी येऊन काय खातो, हे तुम्ही पाहिले असेल. एखादा दादा ‘रात्री भात खाल्ला की अंग सुटते’ म्हणून नुसते पाणी पिऊन झोपतो. दुसरा नाक्यावर तीन वडापाव हाणून येतो. यांत शहाणा कोण? आधी थोडे गणित करू.

वरच्या थरासाठी ५० किलो वजनाचा मुलगा ३ मीटर चढला असे समजा. त्याने केलेले कार्य ५० × ९.८ × ३, म्हणजे १४७० ज्यूल. असा तो दहा वेळा चढला तर १४,७०० ज्यूल, म्हणजे जेमतेम साडेतीन किलोकॅलरी. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा सुमारे चौथा भागच कार्यात बदलू शकतात. बाकीची उष्णता होते. तेव्हा खर्च धरा १४ किलोकॅलरी. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे १०० असतात. सगळी चढाई केळ्याच्या एका घासात भागली!

आता तळच्या थरातला गोविंदा पाहा. खांद्यावर माणसे आहेत आणि हा जागचा हलत नाही. विस्थापन शून्य, म्हणून कार्यही शून्य. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने त्याला भूकच लागू नये. प्रत्यक्षात तो घामाने निथळतो आणि त्याचे पाय थरथरतात.

टेबलावर ट्रंक ठेवली तर टेबल थकत नाही. पण स्नायू म्हणजे टेबल नव्हे. स्नायूत मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे तंतू असतात. मायोसिनची असंख्य बारीक ‘डोकी’ ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. बाहेरून गडी स्थिर दिसला, तरी आत ही रस्सीखेच अखंड चालू असते, आणि प्रत्येक पकडीला एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो. शिवाय ताठ आवळलेल्या स्नायूतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पोचतो. मग स्नायू मुख्यतः स्वतःजवळच्या साठ्यावर जगतो. तो साठा ग्लायकोजेनचा. पिष्टमय पदार्थांपासून मिळालेले ग्लुकोज शरीर याच रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवते.

हा साठा पुन्हा कसा भरतो? १९६६ साली स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केला. दोघे एकाच व्यायामाच्या सायकलीच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने, तो पार थकेपर्यंत पायडल मारले. दुसरा पाय आरामात. नंतर तीन दिवस पिष्टमय आहार घेऊन त्यांनी दोन्ही पायांतील स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. अन्न एकच, रक्त एकच. पण थकलेल्या पायात ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट भरले होते! दमलेला स्नायू ग्लुकोजसाठी आपली दारे उघडून बसतो, म्हणून ते आधी त्याच्याकडे जाते.

तेव्हा सरावानंतरचा वरणभात स्नायूत जातो. अंग सुटते ते मुख्यतः दिवसभराच्या खाण्याचा आणि खर्चाचा हिशेब चुकल्यामुळे. घड्याळाच्या काट्यामुळे नव्हे. साठा पूर्ण भरायला जवळजवळ एक दिवस लागतो. रोज उपाशी झोपणारा गडी मात्र दर रात्री थोड्या अधिक रिकाम्या स्नायूंनी तळाला उभा राहतो. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थरांचा, १३ मीटरांहून उंच मनोरा रचला होता. अशा मनोऱ्याखाली कोणाचा गुडघा लटपटला तर काय होईल, ते सांगायला नको.

वरणभात, पोळी-उसळ, दूध-केळे, उकडलेले अंडे यांपैकी घरात असेल ते चालेल. डाळ, दूध, अंडे यांतील प्रथिने स्नायूंच्या दुरुस्तीला लागतात. महागड्या डब्यातील पावडरीची गरज मला तरी दिसत नाही. वडापावावर माझा राग नाही. पावात आणि बटाट्यात पिष्ट आहेच. पण तळणातील तेलामुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, आणि झोपेची वेळ तर झालेली असते.

पाण्याचे काय? एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. मात्र श्रावणातल्या मुंबईची हवा इतकी दमट, की घाम वाळण्याऐवजी टपकतो, आणि टपकलेला थेंब अंग थंड करीत नाही. म्हणून शरीर आणखी घाम गाळते. सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहा. अर्धा किलो घटले तर सुमारे अर्धा लिटर पाणी गेले. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून मीठ घातलेले ताक उत्तम.

जेवून लगेच आडवे होऊ नये. बसलेल्या माणसाच्या जठरातील आम्ल गुरुत्वाकर्षणामुळे खाली राहते. आडवे झाल्यावर ही मदत मिळत नाही आणि छातीत जळजळते. त्यापेक्षा संध्याकाळी सातलाच दोन पोळ्या किंवा बशीभर पोहे खाऊन सरावाला जावे, म्हणजे रात्रीचे ताट आपोआप लहान होते.