औषधाच्या गळ्यातली घंटा

डोकं दुखलं, कंबर धरली की दुकानातून गोळी आणायची आणि पाण्याबरोबर गिळायची, ही आपली सवय. पण पोटात बाळ असेल, तर ती गोळी कुठवर पोचते?

पूर्वी बऱ्याच डॉक्टरांनाही वाटायचं की वार म्हणजे भिंतच. आईचं औषध आईपाशीच राहणार. मग १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी विकायला आली. गरोदर बायका मळमळीवरही ती घेऊ लागल्या. पुढे आखूड हातापायांची, काही तर हातच नसलेली मुलं जन्माला आली. १९६१च्या नोव्हेंबरात तिथे गोळी बंद झाली. पण जगभरात दहा हजारांवर मुलांना तिची बाधा झाली.

औषध गर्भापर्यंत जातं का, हे बघायचं कसं? रानात गेलेली गाय दिसत नाही, पण गळ्यातल्या घंटेवरून ती कुठे आहे ते कळतं. शास्त्रज्ञ औषधाला अशीच घंटा बांधतात. औषध तयार करतानाच त्यात साध्या कार्बनच्या जागी किरणोत्सारी कार्बन-१४ घालतात. औषधाचा गुण तोच राहतो, पण त्यातून निघणारे किरण यंत्रावर मोजता येतात. लंडनच्या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात असं थॅलिडोमाइड गाभण सशिणींना दिलं. घंटा थेट गर्भात वाजली!

स्वीडनच्या स्वेन उलबर्ग यांनी १९५४ साली आणखी एक रीत दाखवली. औषध दिलेल्या प्राण्याचं शरीर गोठवून त्याचे पातळ काप एक्स-रे फिल्मवर ठेवायचे. जिथे औषध, तिथे फिल्म काळी. गाभण उंदरीण घेतली तर पिल्लाच्या कुठल्या अवयवात औषध साठलं, तेही दिसतं.

मात्र घंटा वाजली म्हणजे इजा झालीच, असं नाही. औषध कुठे पोचलं एवढंच ती सांगते. इजा होते का, हे जन्मणारी पिल्लं तपासून वेगळं बघावं लागतं.

मैत्रिणींनो, बाळाचे हातपाय पहिल्या दोन महिन्यांतच घडतात. तेव्हा आपण घरातही कुणाला सांगितलेलं नसतं. म्हणून पाळी चुकली असेल, तर कुठलीही गोळी घेण्याआधी आशाताईंना किंवा डॉक्टरांना तसं सांगा. फिट्सचं, रक्तदाबाचं औषध चालू असेल तर ते मनानं बंद करू नका, आधी विचारा. सांगायला लाजू नका. दुकानदाराला तुमच्या पोटातलं बाळ दिसत नाही, गोळीला मात्र त्याची वाट ठाऊक असते.