विहिरीच्या पाण्यात किती कोळसा?

महागाव तालुक्यातल्या कुठल्याही वावरात विहिरीवरची मोटर दोन-तीन तास चालू द्या आणि मग तिच्या अंगाला हात लावून पाहा, चटका बसेल. कास्तकाराला हवं होतं पाणी. ही उष्णता कुणी मागितली नव्हती, तरी तिचे युनिट मीटरवर पडतातच. ऊर्जा रूप बदलते, नष्ट होत नाही, हे शाळेत घोकलेलं वाक्य खरंच आहे. १८४० च्या दशकात जेम्स ज्यूलने वजनाच्या जोरावर पाण्यात पाती फिरवली, पाणी किती तापलं ते मोजलं आणि त्याला आकड्यांचा आधार दिला. पण दुसरी अर्धी गोष्ट आपण विसरतो. प्रत्येक बदलात थोडी ऊर्जा अशा कोमट उष्णतेत जाते, की तिच्याकडून पुन्हा काम करून घेणं जवळपास अशक्य. म्हणूनच ‘नष्टच होत नाही, तर बचत कशाला?’ हा सवाल फसवा आहे. मोटरीच्या अंगावरून वाऱ्यावर गेलेली उष्णता जगात आहेच, पण तिच्याने तांब्याभर पाणीही वर येणार नाही.

हिशेबच करू. २० मीटर खोलीवरून १,००० लिटर पाणी वर आणायला सुमारे १ लाख ९६ हजार ज्यूल लागतात. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्यात १८,००० लिटर पाणी यायला हवं. प्रत्यक्षात निम्मं आलं तरी पंप बरा म्हणायचा. आणि हे झालं मीटरनंतरचं. राज्यातल्या विजेचा मोठा वाटा चंद्रपूरसारख्या केंद्रांत कोळसा जाळून येतो, आणि तो कोळसा म्हणजे २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेलं ऊन. बॉयलरमध्ये त्याची उष्णता होते, टर्बाइनमध्ये गती, जनित्रात वीज. एवढ्यातच साधारण दोनतृतीयांश ऊर्जा धुराड्यातून आणि शीतमनोऱ्यांतून निघून जाते. तारांमधली गळती धरली तर ढोबळमानाने कोळशातल्या १०० भागांपैकी १३-१४ भाग वावरातल्या पाण्यात उतरतात.

यावर उपाय म्हणून सौर पंप सुचवला, तर कुणी म्हणेल, सौर पॅनेल तरी उन्हाचा पाचवाच हिस्सा विजेत बदलतं. आकडा बरोबर, तुलना चूक. कोळशाचा हिशेबही उन्हापासून मांडला पाहिजे, आणि झाडाच्या पानात उन्हाचा शंभरावा भागही जेमतेम साठतो. शिवाय पॅनेलने न वापरलेल्या उन्हाला मोल पडत नाही. रात्रीचं काय? ओलीत रात्री करणं ही पिकाची गरज नाहीच, ती वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाची देणगी. दिवसा उपसलेलं पाणी उंचावरच्या टाकीत साठवता येतं. बॅटरीची गरज नाही. ढगाळ दिवसांत पंप मंदावतो आणि सुरुवातीचा खर्च जड जातो, हे आक्षेप मात्र खरे आहेत.

पऱ्हाटीचं, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या काड्यांचं, दुखणंही याच जातीचं: हाताशी असलेली ऊर्जा वाया जाते. वाळलेली पऱ्हाटी किलोमागे जवळपास आपल्या औष्णिक केंद्रांतल्या कोळशाइतकी उष्णता देते. गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने ती वावरात ठेवत नाहीत, ते रास्तच. पण काढायची म्हणजे धुऱ्यावर पेटवायचीच, असं थोडंच आहे? तिचा भुगा दाबून केलेल्या कांड्यांना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात, आणि कारखान्यांचे बॉयलर तो पैसे मोजून घेतात.