नटाची एक बाजू मागे

"ब्रेक दाबा. दाबून धरा, सोडू नका," मामा चाकापाशी बसून मला सांगतात. मी जीपच्या सीटवर बसून पेडल दाबून धरतो. पुढचं उजवं चाक जमिनीपासून वीतभर वर आहे, एक्सलखाली लोखंडी घोडा लावलाय. मामा एक हात चाकाच्या डोक्यावर, दुसरा तळाशी धरून ते आत-बाहेर ढकलतात. खट्, खट्. मग ब्रेक सोडायला सांगून पुन्हा ढकलतात. आता आवाज जास्त.

"दोन्ही गेलंय. बेरिंगबी आन् किंगपिनबी."

ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागची प्लेट एकमेकांना जखडतात. हबच्या बेरिंगमधला खेळ त्यामुळे नाहीसा होतो. तरीही जो उरतो तो आणखी आत, चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिथला.

मामांच्या भाच्याला हे ऐकायचं नव्हतं. तो पुण्याहून आलाय तो रुंद टायर बसवायला. शेडमध्ये चार नवे टायर ताडपत्रीखाली आहेत, शेजारी छतावर लावायची लांबलचक एलईडी पट्टी खोक्यात. गाडी आहे 1994 ची एमएम 540. आडवी जाळी, पाट्यांवर बसलेला अखंड पुढचा एक्सल आणि 2112 सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन. महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जुळवायला घेतली, त्या घराण्यातली ही गाडी. तिचं आजचं दुखणं एवढंच, की ताशी पन्नासच्या आसपास खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थयथय नाचतं. आधीच्या एका मिस्त्रीने त्यावर स्टिअरिंगला डँपर लावून दिला. थरथर दबली, कारण जिथल्या तिथे राहिलं.

"ह्याच्यावर रुंद टायर घातलास तर झीज दुप्पट," मामा म्हणतात आणि पाना उचलतात. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. पाचगावातलं हे अंगण आता त्यांचं वर्कशॉप आहे.

हबवरच्या फ्लँजचे बोल्ट निघतात. आत मोठा षटकोनी नट, त्याच्यामागे कान वळवलेला वॉशर, त्याच्यामागे दुसरा नट. नटाच्या कडा छिन्नीने खाल्लेल्या आहेत. रस्त्याकडेच्या गॅरेजात हा नट छिन्नी-हातोडीनेच सोडतात आणि तशीच आवळतातही, मग किती आवळलं ते देवालाच ठाऊक. मामांकडे मात्र या मापाचा नळीचा पाना आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर करून आणलेला, वर आडवी दांडी घालायला भोक. मी आजवर पाहिलेल्या हत्यारांत हे सगळ्यात बिनदिखाऊ, आणि त्याच्यावाचून आजचं काम झालं नसतं.

ड्रमसकट हब बाहेर येतं. ब्रेकची प्लेट भाचा सोडतो आणि खाली लोंबकळू देतो. मामा काही न बोलता तारेने ती पाट्याला टांगतात. ब्रेकच्या रबरी पाइपवर वजन यायला नको. मग अर्धा शाफ्ट ओढला जातो आणि एक्सलच्या टोकाच्या गोळ्यातून भळकन जे पडतं ते ग्रीस नाही. तांबूस, पातळ, दूध जास्त झालेल्या चहासारखं. ट्रेत पसरल्यावर तळाशी बारीक वाळू दिसते. बाहेरची फेल्टची सील कुजलीय. गगनबावड्याकडे पाण्यात घातलेल्या गाडीने ते पाणी आजवर आत जपून ठेवलंय.

किंगपिनची वरची-खालची टोपी उघडते. मामा बेरिंगचा बाहेरचा कप डिझेलमध्ये धुतात, फडक्याने पुसतात आणि भाच्याला म्हणतात, "नख फिरीव." तो फिरवतो. मग मीही. नखाला ठरावीक अंतराने खाचा लागतात. हे बेरिंग कधी पुरता फेरा घेत नाही. स्टिअरिंग वळेल तेवढंच थोडं इकडे, थोडं तिकडे. गाडीचा बहुतेक जन्म सरळ जाण्यात जातो, म्हणून रोलर त्याच त्या जागी आदळून खळी पाडतात. भाचा बराच वेळ नख फिरवत राहतो. एलईडी पट्टीचा विषय त्यानंतर तो स्वतःहून काढत नाही.

नवे कप ठोकून बसतात. इथून पुढे दोन तास काम शिमचं. टोपीखाली कागदासारखे पातळ पत्रे घालायचे, तीन थाऊ, पाच थाऊ, दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). जास्त घातले तर खेळ, कमी घातले तर वळणं जड. मामा स्टिअरिंग आर्मच्या भोकात ताणकाटा अडकवून ओढतात, काटा वाचतात, मान हलवतात, टोपी पुन्हा उघडतात. पुन्हा. भाचा कंटाळतो, मला खरं तर मजा येतेय. शेवटी एक पाच थाऊची शिम बाहेर राहते आणि गोळा एका हाताने जड पण न अडखळता फिरतो.

हब चढतं. "आता बघ," मामा म्हणतात. चाक फिरवत फिरवत आतला नट आवळायचा, चाक अडू लागलं की थांबायचं, आणि एक षष्ठांश फेरा मागे. नट षटकोनी असल्यामुळे तेवढा फेरा म्हणजे नटाची बरोबर एक बाजू. मोजमाप त्या नटातच आहे. विलिसच्या जुन्या पुस्तकातही हाच आकडा सापडतो. वॉशर, बाहेरचा नट, आणि वॉशरचा कान वळवून कुलूप.

डावी बाजू दुपारनंतर, निम्म्या वेळात.

सुधारणा मामांना नकोत असं नाही, त्यांची यादी वेगळी आहे. हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून आणि तीस वर्षांच्या वायरीतून जातो, त्यामुळे बल्बपर्यंत पुरते व्होल्ट पोचत नाहीत. ते बॅटरीवरून जाड वायर आणि दोन रिले घालतात. स्विचला आता फक्त रिले हलवायचाय. साध्याच 60/55 वॉटच्या हॅलोजनने समोरची भिंत पांढरी होते. छतावरच्या झगझगीत पट्टीने समोरच्या माणसाला आंधळं करण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगते फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलंय.

दुसरी सुधारणा हातभर रबरी नळीची. एक्सलच्या घरावर हवा जायला छोटा ब्रीदर असतो. चालून तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढते. मामा ब्रीदरला नळी जोडून ती वर इंजिनच्या कप्प्यात, बॅटरीच्याही उंचीवर नेऊन क्लॅम्पने बांधतात. खर्च किरकोळ.

संध्याकाळी भाचा गारगोटी रस्त्यावर एक फेरी मारून येतो, जुन्याच टायरांवर, डँपर काढून ठेवून. साठपर्यंत स्टिअरिंग शांत आहे. नवे टायर ताडपत्रीखालीच राहतात. ते परत घेणार का, हे तो उद्या दुकानदाराला विचारणार आहे.

तुमच्या दारात अशी जुनी जीप असेल आणि पावसाळ्यात ती पाण्यात घालायचा बेत असेल, तर आधी डिफरन्शियलचा ड्रेन प्लग सैल करून चमचाभर तेल बाहेर काढा. ते दुधाळ दिसलं तर तेल बदला, सील तपासा आणि नळी बसेपर्यंत ओढ्यात उतरू नका.