आधी झाड, मग अळंबी

सिअ‍ॅटलच्या आसपास अळंबी शोधणारी माणसं सप्टेंबरच्या अखेरीस एकमेकांना भेटली की विचारतात, "पाऊस मुरला का?" पडला की नाही ते खिडकीतून दिसतंच. तो झाडांच्या मुळांपर्यंत पोहोचला की नाही, यावर पुढचा सगळा हंगाम ठरतो.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं हे हवामान कोकणातून आलेल्या माणसाला उलटं वाटतं. इथे जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत असतात, रानात वणवे लागतात. मग सप्टेंबरात ढग येतात आणि वसंतापर्यंत मुक्काम ठोकतात. ऑलिम्पिक नॅशनल पार्कातलं 'हो' नावाचं खोरं पावसासाठी अमेरिकेत प्रसिद्ध आहे. तिथे वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस होतो. आमच्या सिंधुदुर्गातल्या आंबोलीत याच्या दुप्पट पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून जातो. इथला पाऊस महिनोन् महिने हळूहळू झिरपत राहतो. गारवा आणि ओल असे हातात हात घालून आले की जमिनीतली बुरशी फळाला येते. म्हणून आमच्याकडे मृगानंतर जे घडतं, ते इथे दसरा-दिवाळीच्या सुमाराला घडतं.

मी कुडाळ तालुक्यातली. आमच्या आळीत काही घरांत अळंबी चुलीपर्यंत पोहोचत नसे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या पंगतीला तिलाही बसवून द्विजांना ती वर्ज्य केली आहे. आमच्या घरी असली बंधनं नव्हती. पहिल्या पावसानंतर आजी टोपली घेऊन निघायची ती थेट ठरलेल्या वारुळांकडे. ही वारुळावरची अळंबी म्हणजे शास्त्रज्ञांची टर्मिटोमायसिस. वाळवी आपल्या वारुळाच्या पोटात या बुरशीची शेती करते आणि पावसाळ्यात त्या शेतीतून छत्र्या वर येतात. गोव्यात आणि विदर्भातही लोक पावसाळ्यात रानातल्या अळंबीची अशीच वाट पाहतात. पण बुरशीची शेती करणारी वाळवी फक्त आफ्रिकेत आणि आशियात आहे. अमेरिकेच्या कुठल्याच रानात आमची अळंबी उगवणार नाही.

आई इथे आली तेव्हा तिला मी माउंटन लूप हायवेवरच्या जुन्या रानात घेऊन गेले. माउंट बेकर-स्नोक्वाल्मी राष्ट्रीय वनातला हा रस्ता. तिथे डग्लस फर आणि हेमलॉकची अशी झाडं आहेत की बुंध्याला तिघांनी मिळूनही मिठी पुरत नाही. आईने वर पाहिलंच नाही. जमिनीकडे बघत तिने पहिला प्रश्न केला, "वारूळ खंय आसा?" त्या एका प्रश्नात अळंबी शोधण्याचं निम्मं शास्त्र आलं. अळंबी कुठेही उगवत नाही. तिचं कुणाशी तरी नातं असतं. ते नातं ज्याला ठाऊक, त्याची टोपली भरते.

इथे ते नातं झाडांशी आहे. आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये झाडांच्या कोवळ्या मुळांभोवती बुरशीचं अस्तर असतं हे मांडलं आणि त्या जोडीला 'मायकोरायझा' असं नाव दिलं. बुरशीचे धागे मुळांना जिथे पोहोचता येत नाही तिथून पाणी, नत्र, स्फुरद आणून देतात. त्या बदल्यात झाड पानांत तयार झालेली साखर खाली पाठवतं. जमिनीवर दिसणारी छत्री हा या व्यवहारातला वर्षातून काही आठवडे दिसणारा भाग. खरी बुरशी जमिनीखाली, धाग्यांच्या जाळ्यात असते. हे जाळं किती पसरू शकतं? ओरेगॉन राज्यातल्या मालूर राष्ट्रीय वनात आर्मिलारिया नावाच्या बुरशीचा एकच जीव सुमारे ९६५ हेक्टरांवर पसरलेला आहे. त्याचं वय किमान दोन हजार वर्षांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. अर्थात ती बुरशी झाडांशी भागीदारी करत नाही, ती त्यांची मुळं कुजवते. रानात दोन्ही प्रकारचे शेजारी असतात.

म्हणून इथल्या जाणत्यांबरोबर चालताना ते आधी वर बघायला शिकवतात. लाल देवदार, म्हणजे वेस्टर्न रेड सीडर, दिसला की ते थांबतही नाहीत. सीडरचं सख्य वेगळ्याच जातीच्या बुरशीशी असतं आणि ती छत्री काढतच नाही. डग्लस फर आणि हेमलॉक एकत्र दिसले, खाली नेचे आणि सलालची चिवट झुडपं असली, की सगळ्यांच्या माना खाली वळतात. इथे चॅन्टरेल असू शकते.

पॅसिफिक गोल्डन चॅन्टरेल ही या भागाची लाडकी अळंबी. ओरेगॉनने १९९९ मध्ये तिला राज्याची अधिकृत अळंबी केलं. रंग जर्दाळूचा, वासही थोडा तसाच. तिची खूण छत्रीच्या खालच्या बाजूला असते. इतर बऱ्याच अळंब्यांना तिथे सुटे, पातळ कल्ले असतात. चॅन्टरेलला बोथट चुण्या असतात, त्या फाटे फुटत देठावर उतरतात आणि नखाने सहज सुट्या होत नाहीत. देठ उभा फाडला तर आत पांढरट, लांब धाग्यांनी सुटणारा गर दिसतो. हिची नक्कल करणारी एक नारिंगी अळंबी याच रानात असते. तिचे कल्ले मात्र पातळ आणि दाट असतात. सोनेरी चॅन्टरेल चाळीस-पन्नास वर्षांच्या लावणीतही येते. तिची पांढरी बहीण जुन्या झाडांखाली जास्त भेटते.

काही जातींना जुनं रानच लागतं. कॉलीफ्लॉवर मशरूम म्हणजे स्पारासिस. ती म्हाताऱ्या डग्लस फरच्या पायथ्याशी येते. एकदा झाड सापडलं की वर्षांमागून वर्षं तिथेच येत राहते. त्यामुळे असं झाड कुठे आहे ते माणसं सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. पडलेल्या ओंडक्यांचं तर वेगळंच जग. दोन-दोनशे वर्षं कुजत राहणाऱ्या खोडावर हेमलॉकची रोपं रांगेत उगवतात आणि त्याच खोडावर 'एंजल विंग्ज' ही पांढरीशुभ्र अळंबी झुंबरासारखी लटकते. जुन्या पुस्तकांत ती खाण्याजोगी म्हणून नोंदलेली आहे. पण २००४ मध्ये जपानमध्ये ती खाल्ल्यावर १७ जण दगावले. त्यातल्या बहुतेकांना आधीपासून मूत्रपिंडाचा विकार होता. जुनं पुस्तक हाताशी असेल तर त्याची आवृत्ती तपासावी, हा या प्रकरणातून इथल्या मंडळींनी घेतलेला धडा.

या रानात फिरणाऱ्यांत परदेशातून आलेली माणसं बरीच असतात. जपानी कुटुंबं शंभर वर्षांपासून मात्सुताके ही अळंबी शोधत आली आहेत. ओरेगॉनच्या कॅस्केड डोंगरांत लाओस, कंबोडियातून आलेले निर्वासित त्याच मात्सुताकेवर हंगामी कमाई करतात. अ‍ॅना त्सिंग या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक २०१५ मध्ये आलं आणि गाजलं. पोलंड, रशिया, इटलीची माणसं तर टोपली घेऊनच जन्माला आल्यासारखी चालतात. प्रत्येकजण आपापल्या गावचा डोळा घेऊन येतो.

हाच गावचा डोळा इथे घात करतो. डेथ कॅप, अमानिता फॅलॉइडिस, ही विषारी अळंबी मूळची युरोपातली. परदेशी झाडांच्या मुळांबरोबर ती अमेरिकेत आली. कॅलिफोर्नियात तिची पहिली नोंद १९३८ ची आहे. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावर येणारी, ओडिशा-छत्तीसगडात आवडीने खाल्ली जाणारी अळंबी आणि डेथ कॅपची कोवळी कळी जवळजवळ सारखी दिसते. दोन्ही पिशवीतून वर येतात. फरक असा की पेंढ्यावरच्या अळंबीचे बीजाणू गुलाबी असतात, डेथ कॅपचे पांढरे. छत्री कागदावर पालथी घालून रात्रभर ठेवली की रंग उमटतो. पण भूक लागलेल्या माणसाला रात्रभर थांबायला कोण सांगणार? आग्नेय आशियातून आलेली कुटुंबं अशी फसल्याच्या नोंदी इथल्या वैद्यकीय साहित्यात आहेत. २०१६ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात डेथ कॅपने १४ जणांना विषबाधा झाली.

या विषाची वागणूक फसवी आहे. खाल्ल्यावर सहा ते बारा तास काहीच होत नाही, कधीकधी त्याहूनही उशीर लागतो. मग जुलाब-उलट्या होतात आणि नंतर बरं वाटू लागतं. त्या बरं वाटण्याच्या काळात यकृताच्या पेशींचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पडत असतं. शिजवून, वाळवून, उकळलेलं पाणी ओतून देऊन हे विष जात नाही. मीठ, चांदीचा चमचा, लसूण काळी पडणं, किड्यांनी खाल्लेली म्हणजे चांगली, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. आणखी एक गोष्ट आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवावी. सिअ‍ॅटलच्या भागात डेथ कॅप बहुतेक वेळा रानात नसते. ती शहरातल्या रस्त्याकडेच्या, हौसेने लावलेल्या हॉर्नबीम, चेस्टनटसारख्या झाडांखाली असते. घराजवळ, मुलांच्या हाताशी. इथेही आधी झाड ओळखायला हवं.

"इतकी माणसं तोडतात तर अळंबी संपणार नाही का?" हा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून जवळजवळ तीन दशकं याचा अभ्यास झाला. काही तुकड्यांत सगळी अळंबी कापून काढली, काहींत उपटली, काहींत हातही लावला नाही. पीक कुठेच घटलं नाही. तुडवण्याने मात्र त्या त्या वर्षी छत्र्या कमी झाल्या. आंबा उतरवला म्हणून कलम मरत नाही, तसंच हे. धोका कलमालाच कुऱ्हाड लागली तर आहे. सगळी झाडं एकदम तोडली की साखरेचा पुरवठा थांबतो आणि झाडांवर जगणारी बुरशी उपाशी मरते.

इथल्या जुन्या रानाची गोष्ट एका घुबडापाशी येऊन ठेपते. नॉर्दर्न स्पॉटेड आउल उडणाऱ्या खारींवर जगतं. त्या खारी जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल या बुरशीवर ताव मारतात. ट्रफलला वारा लागत नाही, म्हणून ती वासाने खारीला बोलावते आणि खारीच्या लेंडीतून तिचे बीजाणू रानभर पसरतात. ते बीजाणू नव्या डग्लस फरच्या मुळांना भेटतात. १९९० मध्ये हे घुबड संकटग्रस्त ठरलं. लाकूडतोड्यांची गावं आणि पर्यावरणवादी यांच्यात मोठा झगडा झाला आणि १९९४ मध्ये नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅन लागू झाला. जवळजवळ एक कोटी हेक्टर सरकारी जमिनीसाठी आखलेल्या त्या योजनेने जुन्या रानातली बरीच तोड थांबवली. तोडीआधी ज्यांचा शोध घ्यायचा अशा जीवांच्या यादीत पहिल्यांदाच शेकड्यांनी बुरशींची नावं आली. २०२४ च्या अखेरीस या योजनेत बदल करण्याचा मसुदा लोकांपुढे आला. त्यात जुन्या झाडांचं काय होतं, याकडे अळंबीवाल्यांचं बारीक लक्ष आहे. टोपली घेऊन फिरणाऱ्याला या वादात मत असलंच पाहिजे असं मला वाटतं. चॅन्टरेल फुकट मिळते ती कुणीतरी झाड उभं राहू दिलं म्हणून.

सिअ‍ॅटलला येणार असाल किंवा इथेच राहत असाल, तर एकट्याने सुरुवात करू नका. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या प्युजेट साउंड मायकोलॉजिकल सोसायटीचे जाणकार हंगामात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शहरी उद्यानविद्या केंद्रात लोकांनी आणलेली अळंबी ओळखून देतात. दर शरदात त्यांचं प्रदर्शन भरतं आणि तिथे टेबलांवर शेकडो जाती नावानिशी मांडलेल्या असतात. फोनवरच्या अ‍ॅपचं उत्तर अंदाज समजा, निकाल नव्हे. रानात जाण्याआधी परवान्याचा नियम त्या त्या वनाच्या कार्यालयात विचारा. राष्ट्रीय वन, राष्ट्रीय उद्यान, राज्याचं उद्यान, प्रत्येकाचा कायदा वेगळा आणि काही ठिकाणी तोडायला पूर्ण बंदी आहे. अळंबी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सडते. दोन जाती एकत्र ठेवू नका.

घरी आणल्यावर ब्रशने माती झाडा. चॅन्टरेल कोरड्या तव्यावर टाका, आधी तिचं पाणी सुटू द्या आणि आटू द्या. मग तेल, ठेचलेली लसूण, मिरी. मी थोडं भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लावते, आईला तेच आवडलं. रानातली कुठलीही अळंबी कच्ची खाऊ नका. नवी जात पहिल्यांदा अगदी थोडी खा आणि एक न शिजवलेली फ्रीजमध्ये राखून ठेवा. त्रास झालाच तर डॉक्टरांना ती दाखवता येते. अमेरिकेत विषबाधेसाठी रात्रंदिवस चालू असलेला फोन १-८००-२२२-१२२२ आहे. तो जायच्या आधी फोनमध्ये साठवा. आणि पहिला हंगाम काहीही न तोडता फक्त झाडं ओळखण्यात घालवा. पुढचे सगळे हंगाम त्यावर चालतात.